केस वाढतात, पण दिसत नाहीत!

“डॉक्टर, हिच्या केसांना वाढच नाही हो!” ही तक्रार कानावर आली नाही, असा महिना माझ्या दवाखान्यात जात नाही. तक्रार आईची असते. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते आणि बहुतेक वेळा तिचे केस कुरळे असतात. शेजारची मुलगी तिच्याच वर्गातली. तिची वेणी कमरेपर्यंत पोहोचली आणि हिची मात्र चौथीत होती तिथेच, खांद्यावर अडून बसली आहे. मग जाहिरातीतले तेल होते, माक्याचा रस होतो, कांद्याचा रस होतो, गोळ्या होतात. शेवटचा उपाय म्हणून पार्लरवाल्या ताईंनी ‘स्ट्रेटनिंग’ सुचवलेले असते. तेवढे करून घ्यावे का, असे विचारायला मायलेकी आलेल्या असतात.

वाचकहो, माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुरळे केस वाढतात. त्यांची लांबी दोन ठिकाणी हरवते. काही लांबी वळणात लपते आणि काही टोकाशी तुटते. लपलेली लांबी दाखवता येते, तुटणारी वाचवता येते. या दोन्हींसाठी महागड्या तेलाची गरज नाही आणि रसायनाची तर मुळीच नाही. हे कसे, ते आज पाहू.

केस कुरळा का होतो?

आपला केस त्वचेतल्या एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. ही पिशवी सरळ असली की केस सरळ येतो, ती वाकडी असली की केस वळण घेऊन येतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो साधारण गोल दिसतो, कुरळा केस चपटा, लंबगोल दिसतो. ही ठेवण आईवडिलांकडून, आजीआजोबांकडून येते. त्यात आजार काही नाही आणि उणेही काही नाही.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ १५ सेंटिमीटर. माणसागणिक यात थोडाफार फरक असतो, पण कुरळ्या केसांची वाढ थांबलेली असते असे कधीच नसते. खात्री करायची असेल तर घरातल्या मेंदी लावणाऱ्या बाईकडे पाहा. महिना उलटला की भांगाजवळ पांढरी रेघ डोकावू लागते. केस सरळ असोत की कुरळे, ही रेघ कोणालाच चुकत नाही. ती रेघ म्हणजेच वाढ.

मग ही वाढ जाते कुठे?

पहिली जागा : वळण

टेलिफोनच्या रिसीव्हरची जुनी गुंडाळीदार वायर आठवते ना? टेबलावर पडली की वीतभर, ओढली की दोन हात. कुरळ्या केसाचेही तसेच आहे. मुलीच्या पाठीमागे उभे राहून एक बट हलकेच सरळ ताणा आणि फूटपट्टी लावा. मोकळी सोडलेली बट २५ सेंटिमीटर असेल तर ताणल्यावर ती ३५-४० सेंटिमीटरही भरेल. अतिशय घट्ट वळणाच्या केसांत निम्म्याहून अधिक लांबी अशी आखडून जाते. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांना तर हा अनुभव रोजचाच आहे.

ओला केस लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो, हेही अनेकींनी पाहिले असेल. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. जुळताना केस आपले मूळचे वळण घेतो. म्हणूनच पावसाळ्यात आणि कोकणातल्या दमट हवेत केस अधिक आखडतात व फुलतात. पाणी लागताच पुन्हा वळणारा केस धडधाकट समजावा. काळजी करायची ती ताणल्यावर लोंबकळत राहणाऱ्या किंवा कटकन तुटणाऱ्या केसाची.

तेव्हा कुरळ्या केसांची वाढ आरशात पाहून ठरवू नये. दर तीन महिन्यांनी एकाच जागेची बट, मानेजवळची म्हणा, ताणून मोजावी आणि कॅलेंडरवर आकडा लिहून ठेवावा. तीन महिन्यांत तीन-चार सेंटिमीटर वाढ दिसली तर सारे ठीक आहे. वाढ दिसली नाही तर केस टोकाशी तुटत आहेत असे बहुधा समजावे.

दुसरी जागा : टोक

वर्षाला १५ सेंटिमीटर उगवले आणि त्याच वर्षात टोकाकडून १२ सेंटिमीटर तुटले, तर हाती राहिले तीन. महिन्याकाठी हजार रुपये मिळवायचे आणि आठशे खिशाच्या भोकातून गळू द्यायचे, तशातला हा प्रकार. आपण सगळे मिळकत वाढवण्याच्या मागे लागतो आणि खिसा शिवत नाही.

कुरळा केस तुटतो लवकर, याला कारणे आहेत. टाळूतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जाते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते. त्यामुळे टोके कोरडी राहतात. शिवाय वळणे एकमेकांत अडकतात, गुंता होतो आणि तो ओढून सोडवताना केस वळणाच्या जागीच तुटतो.

गळलेला केस आणि तुटलेला केस यांतला फरक ओळखायला शिका. गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरट बारीक गाठ असते, ते त्याचे मूळ. तुटलेल्या केसाला ती नसते. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. कुरळ्या केसांत हे गळलेले केस खाली पडत नाहीत, वळणात अडकून राहतात. चार दिवसांनी विंचरले की चार दिवसांचे एकदम हाती येतात आणि घरात घबराट उडते. गुंतवळ मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

लांबी टिकवायची कशी?

१) तेल न्हाण्याआधी. तेलाने केस वाढत नाहीत, तेल केस टिकवते. मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यास केसातून वाहून जाणारे प्रथिन केवळ खोबरेल तेलाने कमी झाले, असे त्यांना आढळले. हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते हे ध्यानात ठेवावे. तरी निष्कर्ष आपल्या आजीच्या अनुभवाशी जुळणारा आहे. न्हाण्याआधी एक-दोन तास, विशेषतः टोकांना, साधे खोबरेल तेल लावावे. डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल थापू नये, फक्त केसांना लावावे.

२) धुणे. आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाने केस धुऊ नयेत. साबण क्षारयुक्त असतो, त्याने केसावरचे खवले उघडे पडतात आणि केस खरखरीत होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर केसांवर बसतो, तो आणखी वेगळा. शिकेकाई वापरत असाल तर वस्त्रगाळ करून घ्या, भरड भुकटी केसांत अडकते. शाम्पू असेल तर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला चोळा. नंतर टोकांना कंडिशनर लावा. ते छोट्या पाकिटातही मिळते आणि कुरळ्या केसांना ते चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे.

३) विंचरणे. सरळ केस ओले विंचरू नयेत, हे खरे. कुरळ्या केसांचा नियम उलटा. ते कोरडे विंचरले की तुटतात. कंडिशनर लावलेले असताना किंवा ओलसर असताना, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरावेत. सुरुवात टोकाकडून करावी आणि हळूहळू मुळाकडे यावे. आपल्याकडे मुळापासून खाली खसाखसा कंगवा ओढण्याची सवय आहे, त्यात मुलगी रडते आणि केसही तुटतात. बारीक फणी उवांसाठी ठेवा.

४) वाळवणे. जाड टॉवेलने खसखसून पुसू नये, ओले केस टॉवेलने झटकू तर नयेच. पंचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम. केस त्यात दाबून पाणी टिपून घ्यावे.

५) रात्री. केस सैल बांधून झोपावे. जुन्या रेशमी साडीचा अभ्रा उशीला घातला तर घासणे कमी होते.

६) कापणे. टोक कापल्याने केस जोमाने वाढतात हा गैरसमज आहे. टोकाला मुळाशी काय चालले आहे ते कळत नाही. मात्र दुतोंडी झालेला केस वरवर चिरत जातो. तशी टोके दिसली तर तीन-चार महिन्यांनी अर्धा इंच कापावीत. नसतील तर कात्रीला सुट्टी.

लपलेली लांबी दाखवायची कशी?

लग्नकार्य आहे, केस लांब दिसावेत अशी इच्छा आहे, तर त्यात गैर काही नाही. त्यासाठी इस्त्री नको. केस ओलसर असताना, ठिबकते नव्हेत, दोन थेंब तेल चोळून चार ते सहा भाग करावेत. प्रत्येक भागाची सैल वेणी घालून टोकाला कापडी फीत बांधावी. रबर बँड नको. पूर्ण वाळल्यावर वेण्या सोडाव्यात. वर सांगितलेले बंध केस ताणलेला असतानाच जुळतात, त्यामुळे केस लांब आणि लाटालाटांचा दिसतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा परिणाम बराच टिकेल, भर पावसात तासाभरात उतरेल. उतरला तरी केसाचे काही बिघडत नाही.

गरम इस्त्री हेच बंध उष्णतेने फिरवते. पण तिच्या पट्ट्या १८० ते २३० अंशांपर्यंत तापतात. केस ओला असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात आणि तो तिथे तुटतो. लांबी दाखवण्याच्या नादात लांबी जाते ती अशी.

शाळेच्या दोन वेण्या

मुख्याध्यापक आणि बाईंना एक विनंती. केस नीटनेटके असावेत हे मान्य. परंतु कुरळे केस तेलाने चोपडून, कपाळावरची कातडी ताणली जाईल इतक्या घट्ट दुहेरी वेण्या रोज घालायला लावणे बरे नव्हे. सतत ओढ बसल्याने कानशिलापाशी आणि कपाळाच्या कडेला केस विरळ होत जातात. सुरुवातीला सैल बांधले की ते परत येतात, वर्षानुवर्षे ओढ राहिली तर मूळच मरते. एक सैल वेणी किंवा सैल अंबाडाही नीटनेटकाच दिसतो. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत व नोकरीत भेदभाव करू नये, असा कायदा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला. आपल्याला कायद्याची गरज पडू नये, थोडी समजूत पुरे.

आता मुख्य मुद्दा : स्ट्रेटनिंग

पूर्वी हे खूळ शहरांत होते, आता तालुक्याच्या गावीही पोहोचले आहे. दहावी झाली की, किंवा मुलगी ‘दाखवायची’ वेळ आली की, काही हजार रुपये मोजून केस सरळ करून घेतले जातात.

एका प्रकारात, ज्याला रिबाँडिंग म्हणतात, केसातले गंधकाचे पक्के बंध रसायनाने तोडून केस सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. जोड मूळच्याइतका मजबूत होत नाही. शिवाय त्वचेतली पिशवी वाकडीच राहते, त्यामुळे नवा केस कुरळाच उगवतो. सहा महिन्यांनी मुळाकडचे सात-आठ सेंटिमीटर कुरळे आणि खालचे सरळ, असे दोन प्रकार एकाच डोक्यावर दिसू लागतात. या दोहोंच्या सांध्यावर केस तुटतो. मग पुन्हा पार्लर, पुन्हा खर्च.

दुसऱ्या प्रकारात, केराटिन वगैरे नावांनी जो चालतो, काही मालांतून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकले. त्यावर उपाय म्हणून ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ माल आला. त्यातल्या अनेकांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असते. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ असे तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा उलट्या, जुलाब, ताप, पाठदुखी होऊन तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. टाळूवर जखमाही झाल्या होत्या. तिला लावलेल्या क्रीममध्ये हे आम्ल होते. तीच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावली तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे खडे जमले.

अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षे मागोवा घेण्यात आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष असे, की केस सरळ करणारी रसायने वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. रसायनामुळेच तो झाला, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. एकदा केस सरळ केले म्हणून कोणी धास्ती घ्यावी, असेही माझे म्हणणे नाही. पण जी गोष्ट मुळात आजार नाही, तिच्यासाठी एवढी जोखीम कशासाठी? औषध देताना आम्ही फायदा-तोटा तोलतो. इथे फायद्याच्या पारड्यात आहे शेजाऱ्यापाजाऱ्यांची पसंती.

ज्यांनी करून घेतले आहे त्यांनी पुन्हा करू नये, नवा केस वाढू द्यावा आणि जुना भाग थोडाथोडा कापत जावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि अठरा वर्षांखालील मुलींनी तर या वाटेला जाऊच नये. करून घेतल्यानंतर उलट्या, पाठदुखी किंवा लघवी कमी होणे असे काही झाले तर लगेच डॉक्टरांकडे जावे आणि कोणती क्रीम लावली ते सांगावे.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

केस मुळासकट पुंजक्याने येऊ लागले, गोल चकती पडली, टाळूवर खपल्या व खाज असली, तर तो प्रश्न कुरळेपणाचा नाही. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत बहुधा आपोआप भरून येतात. थकवा, दम लागणे, पाळीत जास्त रक्तस्राव, वजन वाढणे अशी लक्षणे सोबत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. निम्म्याहून अधिक! तेलाच्या महागड्या बाटलीऐवजी डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, खात असाल तर अंडी यांवर ते पैसे खर्च झाले तर केसांचे आणि मुलीचे दोघांचे भले होईल. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही, उलट थायरॉइडच्या तपासणीचे आकडे त्यांनी चुकू शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा.

सर्वांचेच केस कमरेपर्यंत येतील असेही नाही. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ ठरलेला असतो, दोन ते सहा-सात वर्षे. तो तीन वर्षांचा असेल तर केस ४५ सेंटिमीटरच्या आसपास थांबेल, सहा वर्षांचा असेल तर ९० पर्यंत जाईल. हा काळ वारशाने येतो. त्यावर तेलाचा अंमल चालत नाही.

शेवटी आयांना एकच सांगणे. पाळण्यातल्या बाळकृष्णाचे कुरळे जावळ आपण कौतुकाने कुरवाळतो. तेच केस मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की आपल्या डोळ्यांत खुपू लागतात. केस बदललेले नसतात, बघणाऱ्यांची नजर बदललेली असते. मुलीला रोज ‘तुझे केस असे कसे’ म्हणून हिणवले तर ती आरशासमोर उभी राहायला बिचकते, ओढणीने डोके झाकू लागते, फोटो काढताना मागे सरकते. हे दुखणे कोणत्याही तपासणीत दिसत नाही आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही. त्यावरचे औषध घरातच आहे. येत्या रविवारी मुलीला समोर बसवा, खोबरेल तेल घ्या, मोठ्या दातांचा कंगवा घ्या, टोकापासून सावकाश गुंता सोडवा. हाताशी फूटपट्टी असू द्या आणि मोजलेला आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवा.